आधी पट्टी वाजवून पाहा

एक स्टीलची फूटपट्टी घ्या, ३०० मिलिमीटरची. टेबलाच्या कडेला अशी ठेवा की २५० मिलिमीटर बाहेर राहील. आतला तुकडा तळहाताने दाबून धरा आणि बाहेरच्या टोकाला टिचकी मारा. शाळेत बाकावर हा उद्योग आपण सगळ्यांनी केला आहे, आणि त्यापायी वर्गाबाहेर उभेही राहिलो आहोत. आता एम.टेक. किंवा पीएच.डी.साठी कंपनांचा विषय घेतला असेल, तर तोच उद्योग पुन्हा करायचा, फक्त या वेळी शेजारी वही ठेवून.

आधी कागदावर उत्तर काढा. एका टोकाला पक्क्या धरलेल्या पट्टीचं सूत्र कुठल्याही पाठ्यपुस्तकात सापडेल. जाडी १ मिलिमीटर, पोलाद नेहमीचं, बाहेरची लांबी २५० मिलिमीटर, की पहिली नैसर्गिक वारंवारता १३ हर्ट्झच्या आसपास येते. पट्टीच्या रुंदीचा यात काही संबंध नाही. का नाही, ते सूत्र उलगडून स्वतः पाहा. मग मोबाइलचा स्लो मोशन कॅमेरा सेकंदाला २४० फ्रेमवर लावा आणि पट्टीचं चित्रण करा. एका आंदोलनाला अठरा-एकोणीस फ्रेम मिळतात. वीस आंदोलनांना किती फ्रेम लागल्या ते मोजा आणि भागाकार करा. पैसे शून्य, आणि पट्टीला काही चिकटवलेलंही नाही.

उत्तर १३ येणार नाही. कमी येईल, आणि किती कमी ते तुमच्या तळहातावर ठरेल. आता तीच पट्टी वर्कशॉपच्या बेंच व्हाइसमध्ये आवळा आणि पुन्हा मोजा. मग लाकडी टेबलावर सी-क्लॅम्पने धरून मोजा. आकडे वेगवेगळे येतील. पट्टी तीच, पोलाद तेच, लांबीही तुम्ही काळजीने तीच ठेवलीत. बदललं ते फक्त धरणं.

माझ्याकडे तपासायला येणाऱ्या प्रबंधांमध्ये गणिताच्या चुका फारशा नसतात. मुलं हुशार आहेत आणि समीकरणं नीट सोडवतात. घोळ असतो तो वस्तू कुठे आणि कशी धरली आहे यात. यंत्राचं मॉडेल सुबक, जाळी बारीक, रंगीत चित्रं झकास, पहिली वारंवारता चार दशांश स्थळांपर्यंत. आणि खालच्या पृष्ठभागाला एका क्लिकमध्ये ‘फिक्स्ड सपोर्ट’. प्रत्यक्षात ते यंत्र चार बोल्टांवर उभं असतं, त्यातला एक ढिला असतो, खालचं ग्राउटिंग एका कोपऱ्यात पोकळ असतं. संगणकाला हे कोण सांगणार? व्हायवात मी पहिला प्रश्न हाच विचारतो, आणि बहुतेक वेळा समोर शांतता पसरते.

म्हणून माझा सल्ला असा की वस्तू आधी न धरता तपासा. वर्कशॉपमधून १० मिलिमीटर जाड, ३०० मिलिमीटर लांब अशी पोलादी फ्लॅट कापून आणा. दोन्ही टोकांपासून ६७ मिलिमीटरवर दोऱ्याने टांगा किंवा तिथे स्पंजचे तुकडे देऊन ठेवा. पहिल्या मोडमध्ये या दोन जागा हलत नाहीत. झायलोफोनच्या पट्ट्यांना आधार त्याच जागी असतो. मध्यभागी छोट्या हातोडीने टोला द्या आणि मोबाइलवर आवाज मुद्रित करा. आखेनच्या विद्यापीठात तयार झालेलं फायफॉक्स नावाचं मोफत ॲप आवाजाची वारंवारता लगेच दाखवतं. हिशेबाने ५७५ हर्ट्झच्या आसपास यायला हवी, आणि ती येते. इथे फरक निघाला तर तो जाडीच्या मोजमापात शोधा, कारण वारंवारता जाडीच्या सरळ पटीत बदलते. १ मिलिमीटर म्हणून घेतलेली पट्टी मायक्रोमीटरखाली ०.९ निघाली की तिथेच दहा टक्के गेले.

मोकळ्या वस्तूचं गणित जुळलं की माप, वजन आणि धातू यांच्याविषयी शंका उरत नाही. त्यानंतर वस्तू धरा. आता जो फरक पडेल तो सगळा धरण्याचा. व्हाइसच्या जबड्याचं थोडं नमणं पट्टीची लांबी ५ मिलिमीटरने वाढल्यासारखं धरलं, तर २५० च्या पट्टीची वारंवारता चार टक्क्यांनी उतरते. हे क्रमाने केलंत तर आधाराची लवचीकता हा तुमच्या प्रबंधातला मोजलेला आकडा होतो. एरवी ती कुठेतरी लपून बसते आणि मुलं ‘प्रयोग आणि सिद्धांत यांत १२ टक्के फरक, जो स्वीकारार्ह आहे’ असं वाक्य लिहून पुढे जातात. स्वीकारार्ह कुणाला?

यंत्रांच्या कंपनांची मानकंसुद्धा हा प्रश्न विचारतात. आयएसओ १०८१६ च्या तिसऱ्या भागात १५ ते ३०० किलोवॉटच्या मध्यम यंत्रांसाठी धोक्याची हद्द पाया कडक असेल तर सेकंदाला ४.५ मिलिमीटरला सुरू होते, पाया लवचीक असेल तर ७.१ ला. यंत्र तेच, फक्त पाया वेगळा. २०२२ पासून या भागाची जागा आयएसओ २०८१६-३ ने घेतली आहे, तेव्हा प्रबंधात जुना क्रमांक टाकू नका. परीक्षक तेवढंच पकडतात.

सेन्सरचं ओझं

आता पट्टीवर सेन्सर लावू. प्रयोगशाळेतलं साधं ॲक्सेलरोमीटर दहाएक ग्रॅमचं असतं. दहा ग्रॅम म्हणजे काहीच नाही, असं वाटतं. २५ मिलिमीटर रुंदीच्या पट्टीचा बाहेर आलेला भाग ४९ ग्रॅम भरतो. पण पहिल्या मोडमध्ये मुळापाशी पट्टी जवळजवळ हलतच नाही, त्यामुळे टोकाच्या हिशेबाने त्यातलं जेमतेम १२ ग्रॅम वजन कामाला येतं. त्याच टोकावर तुम्ही दहा ग्रॅम ठेवलेत. वारंवारता १३ वरून साडेनऊच्या जरा वर येऊन बसते. सेन्सरने पट्टीची वारंवारता मोजली नाही, पट्टी अधिक सेन्सर अशा नव्याच वस्तूची मोजली.

तबला बनवणारे कारागीर हेच मुद्दाम करतात. नुसत्या ताणलेल्या गोल कातड्याचे सूर एकमेकांच्या पूर्ण पटीत नसतात. पहिला १ धरला तर पुढचे १.५९, २.१४, २.३० असे वेडेवाकडे येतात, म्हणून साधा ढोल सुरात लागत नाही. पुडीवर शाईचे थर चढवून वजन वाढवलं की हे सूर १, २, ३ अशा पटींकडे सरकतात आणि तबला षड्जात बोलू लागतो. सी. व्ही. रामन यांनी १९२० साली ‘नेचर’मध्ये सहकाऱ्यासोबत यावर लिहिलं आणि १९३४ मध्ये पुन्हा सविस्तर काम केलं. कंपनांचा विषय घेणाऱ्याने एकदा तबला दुरुस्तीच्या दुकानात अर्धा तास बसावं. वजन कुठे, किती आणि कशासाठी ठेवायचं याचं एवढं चांगलं प्रात्यक्षिक कुठल्याच प्रयोगशाळेत मिळत नाही.

सेन्सरच्या ओझ्यावर उपाय आहेत. हलका सेन्सर मिळत असेल तर उत्तम. लेझरने न शिवता मोजणारं उपकरणही असतं, पण ते महाग आणि थोड्याच संस्थांत आहे. फुकटचा उपाय असा: सेन्सरच्याच वजनाचा एखादा नट शेजारी चिकटवून पुन्हा मोजा, मग दोन नट लावून मोजा. वारंवारतेचा वर्ग करून त्याचा व्यस्त घ्या आणि तो वजनासमोर मांडा. सरळ रेषा येते. ती शून्य वजनापर्यंत मागे न्या. सेन्सर नसताना पट्टी कितीवर हलली असती ते कळतं. ही एक आकृती प्रबंधात असली तर विद्यार्थ्याने हाताने काम केलं आहे, याची मला खात्री पटते.

सेन्सर चिकटवायचा कसा, हेही शिकावं लागतं. स्टड आटे पाडून बसवला तर सर्वात पक्का, पण दर ठिकाणी भोक पाडता येत नाही. हलक्या कामाला मधमाशीच्या मेणाचा पातळ थर पुरतो, जाड थर दिला की तो स्वतःच स्प्रिंगसारखा वागतो. लोहचुंबक सोयीचं, पण किलोहर्ट्झच्या वरच्या वारंवारतांवर ते दगा देतं. हाताने दाबून धरलेला सेन्सर कारखान्यात घाईच्या तपासणीला ठीक, संशोधनाला नाही. केबल लोंबकळत ठेवू नका. टेपने वस्तूलाच चिकटवा, नाहीतर केबलचं हेलकावणं आलेखात उतरतं. मोजणीआधी कॅलिब्रेटरवर सेन्सर एकदा तपासून घ्या. हातात मावणारे कॅलिब्रेटर बहुधा १५९.२ हर्ट्झवर चालतात. आकडा विचित्र वाटतो, पण तो म्हणजे सेकंदाला नेमके १००० रेडियन. त्यामुळे त्वरण १० मीटर प्रति सेकंद वर्ग असेल तर वेग १० मिलिमीटर प्रति सेकंद आणि विस्थापन १० मायक्रॉन येतं. एकक बदलताना घोटाळा होत असेल तर तो इथेच पकडला जातो.

टोला

इम्पॅक्ट हॅमर हे दिसायला साधं आणि चालवायला अवघड अवजार आहे. त्याची टोकं बदलता येतात. रबरी टोक मऊ टोला देतं आणि खालच्या वारंवारता उठवतं, पोलादी टोक कडक टोला देतं आणि वरच्या. पट्टीसारख्या हलक्या वस्तूवर पोलादी टोक वापरलं तर १३ हर्ट्झच्या जागी फारसं काही मिळत नाही, कारण जोर सगळा वर पसरतो. नवशिक्याची ठरलेली चूक म्हणजे दुहेरी फटका. पट्टी परत येऊन हातोडीलाच आपटते. कान देऊन ऐका: ‘टक्’ आलं तर ठीक, ‘टटक्’ आलं तर ती नोंद टाकून द्या. मनगट सैल ठेवून टोला देऊन लगेच मागे घ्यायला साधारण दोन दुपारी जातात. त्या दुपारी वाया गेल्या असं समजू नका.

कुठे मारायचं हेही ठरवून मारा. आपल्या पट्टीचा दुसरा मोड ८२ हर्ट्झच्या जवळ आहे आणि त्यात मुळापासून १९६ मिलिमीटरवरचा बिंदू स्थिर राहतो. नेमका तिथेच टोला दिलात तर दुसरा मोड आलेखातून गायब होतो. हे एकदा मुद्दाम करून पाहा, म्हणजे ‘या वस्तूला अमुक मोड नाही’ असं लिहिण्याआधी हात थांबेल. एका ठिकाणी चारपाच टोले देऊन सरासरी घ्या आणि कोहिरन्सचा आलेख शेजारी उघडा ठेवा. शिखरांपाशी तो एकच्या जवळ असायला हवा. दोन शिखरांमधल्या खोल दरीत तो पडतो, तिथे घाबरायचं कारण नाही, तिथे सिग्नलच क्षीण असतो. आणखी एक परीक्षा: ‘अ’वर टोला देऊन ‘ब’वर मोजा, मग ‘ब’वर टोला देऊन ‘अ’वर. दोन्ही आलेख एकावर एक बसले पाहिजेत. नाही बसले तर सेन्सर, केबल, ढिला जोड किंवा वस्तूचा अरेषीय स्वभाव यांपैकी काहीतरी बोलतंय. पुढे जाऊ नका.

किती वेळ मोजायचं यावर फार कमी जण विचार करतात. नियम सोपा आहे. एक सेकंद मोजलंत तर आलेखातल्या रेषा एकेक हर्ट्झच्या अंतरावर पडतात, दहा सेकंद मोजलंत तर दशांश हर्ट्झवर. नोंदीच्या शेपटीला शून्यं जोडून आलेख गुळगुळीत करता येतो, माहिती वाढवता येत नाही. सेकंदाला किती नमुने घ्यायचे, याचाही हिशेब आहे. सेकंदाला १०० नमुने घेतले तर ९७ हर्ट्झचं कंपन ३ हर्ट्झ म्हणून समोर येतं, सिनेमात गाडीची चाकं उलटी फिरताना दिसतात तसं. हे खोटं शिखर नंतर कुठल्याही सॉफ्टवेअरने पुसता येत नाही. वरच्या वारंवारता कापणारा फिल्टर नमुने घेण्याच्या आधीच लागतो.

डॅम्पिंगला सूत्र नाही

वस्तुमान वजनकाट्यावर मिळतं, ताठरपणा मापावरून काढता येतो. डॅम्पिंग मात्र मोजावंच लागतं. त्याची झटपट युक्ती सांगतो. आंदोलनाची उंची किती आंदोलनांत निम्मी झाली ते मोजा आणि ११ ला त्या संख्येने भागा. डॅम्पिंगचं प्रमाण टक्क्यांत मिळतं. वीस आंदोलनांत निम्मी झाली तर ०.५५ टक्के. युक्ती लॉगरिथमिक डिक्रिमेंटच्या सूत्रातूनच येते, पण ती तोंडपाठ असली की मोबाइलच्या चित्रणावरूनही अंदाज बांधता येतो. पहिल्या दहा आंदोलनांवरून आणि पुढच्या दहांवरून वेगवेगळे आकडे आले तर डॅम्पिंग आंदोलनाच्या उंचीवर अवलंबून आहे, असं सरळ लिहा. सरासरीखाली ते झाकू नका.

शिखराच्या रुंदीवरून डॅम्पिंग काढायची पद्धत पाठ्यपुस्तकात पहिली असते आणि तिथेच सर्वांत जास्त पाय घसरतात. १३ हर्ट्झला अर्धा टक्का डॅम्पिंग असेल तर शिखराची रुंदी फक्त ०.१३ हर्ट्झ असते. एक सेकंदाच्या नोंदीत रेषाच एक हर्ट्झवर आहेत. त्या नोंदीवरून जे डॅम्पिंग निघतं ते वस्तूचं नसतं, तुमच्या घाईचं असतं. टोल्याच्या नोंदीवर एक्स्पोनेन्शियल विंडो लावली असेल तर तीही डॅम्पिंग कृत्रिमपणे वाढवते. तिचा वाटा वजा करायला विसरू नका.

अखंड पोलादात डॅम्पिंग फार थोडं असतं. बोल्टांनी जोडलेल्या सांगाड्यात ते कितीतरी वाढतं, कारण ऊर्जा जोडांच्या घासण्यात जाते. पट्टी एकदा मेणावर चिकटवलेल्या आधारात, एकदा व्हाइसमध्ये आणि एकदा रबरावर धरून डॅम्पिंग मोजा. पुन्हा धरण्यापाशीच आलो.

डॅम्पिंग मोजलेलं नसेल तर तसं सांगावं, याचं एक उदाहरण आपल्या सातारा जिल्ह्यातलं आहे आणि जगभर चालतं. ११ डिसेंबर १९६७ च्या पहाटे कोयनेला भूकंप झाला. धरणाच्या मागच्या उताराचा कोन वरच्या भागात जिथे बदलतो त्या पातळीजवळ भेगा पडल्या. धरणात बसवलेल्या उपकरणाने त्या वेळचं त्वरण टिपलं होतं. तीव्र भूकंपात एखाद्या काँक्रीट धरणाची अशी नोंद हाताशी असणं दुर्मीळ, म्हणून भूकंपातलं धरण हा विषय शिकवायचा म्हटलं की कोयनेचं नाव निघतंच. ॲबॅकस हे सॉफ्टवेअर वापरणाऱ्या मुलांनी त्याचं उदाहरणांचं पुस्तक उघडावं, तिथे कोयना धरण बसलेलं आहे. पहिली वारंवारता ३ हर्ट्झच्या आसपास. आणि डॅम्पिंग? पहिल्या मोडसाठी तीन टक्के गृहीत धरलं आहे, आणि गृहीत धरलं असं स्पष्ट लिहिलंही आहे. मॉडेल बनवणाऱ्यांनी प्रामाणिकपणे सांगितलं की हा आकडा आम्ही मोजलेला नाही. तुमच्या प्रबंधात एवढं एक वाक्य असलं तरी परीक्षक पुढे वाचतो.

सॉफ्टवेअरविषयी तीनच गोष्टी सांगतो. मॉडेलचं वजन आणि खऱ्या वस्तूचं वजन जुळतं का ते आधी पाहा. प्रयोगशाळेत काटा नसेल तर कोपऱ्यावरच्या किराणा दुकानात असतो. कुठलाही आधार न देता एकदा सोडवा, पहिल्या सहा वारंवारता जवळजवळ शून्य आल्या पाहिजेत; पाच किंवा सात आल्या तर कुठेतरी जोड चुकला आहे. आणि प्रयोगाशी जुळवण्यासाठी पोलादाचा यंग्ज मॉड्युलस २०० वरून १७० गिगापास्कलवर आणू नका. पोलाद बदलत नाही हो, बदललेलं असतं ते आधाराचं काहीतरी. जुळलेल्या आकड्यांपेक्षा न जुळण्याचं शोधलेलं कारण जास्त मोलाचं असतं, हे गाईडला पटवणं थोडं अवघड जातं, पण पटवा.

विषय कुठून आणायचा

हल्ली येणाऱ्या सारांशांपैकी बऱ्याच ठिकाणी ‘बेअरिंगमधील दोष मशीन लर्निंगने ओळखणे’ असतं आणि अचूकता ९९ टक्क्यांच्या वर. डेटा बहुधा एकच: अमेरिकेतल्या क्लीव्हलँडच्या केस वेस्टर्न रिझर्व्ह विद्यापीठाने खुला केलेला. दोन अश्वशक्तीची मोटर, ६२०५ क्रमांकाचं बेअरिंग, स्पार्क इरोजनने मुद्दाम पाडलेले दोष. डेटा चांगला आहे, अडचण वापरण्यात आहे. एकाच नोंदीचे शंभर तुकडे करायचे, सत्तर शिकवायला आणि तीस परीक्षेला, म्हणजे पेपर आधीच फोडून घेतलेली परीक्षा झाली. मॉडेल दोष शिकत नाही, ती विशिष्ट नोंद ओळखायला शिकतं. निदान वेगळ्या भारावरच्या किंवा वेगळ्या आकाराच्या दोषाच्या नोंदी परीक्षेसाठी राखून ठेवा. स्मिथ आणि रँडल यांनी २०१५ साली हा डेटा नोंदीगणिक तपासला. सगळ्याच नोंदी सारख्या उपयोगाच्या नाहीत आणि काहींत दोषाची खूण दिसतही नाही, हे त्यांनी दाखवलं आहे. तो लेख न वाचता या डेटाला हात लावू नये.

त्याआधी कागद-पेन्सिलीने एक हिशेब करा. ६२०५ मध्ये नऊ गोळ्या असतात. बाहेरच्या रिंगवर खड्डा असेल तर शाफ्टच्या एका फेऱ्यात ३.५८५ ठोके पडतात, आतल्या रिंगवर असेल तर ५.४१५. बेरीज नऊ, गोळ्यांएवढीच. का, ते शोधणं हा चांगला गृहपाठ आहे. आपल्याकडची १४४० फेऱ्यांची मोटर म्हणजे २४ हर्ट्झ, तेव्हा बाहेरचा खड्डा ८६ च्या आणि आतला १३० हर्ट्झच्या आसपास बोलतो. गोळ्या थोड्या घसरतात म्हणून आकडा एखाद्या टक्क्याने मागेपुढे होतो. एवढं समजलेल्या मुलाला यंत्राने दिलेलं ९९ टक्क्यांचं उत्तर तपासता येतं.

माझं मत विचाराल तर विषय घराजवळ शोधा. साखर कारखान्यातलं सेंट्रिफ्यूगल, इचलकरंजीतल्या यंत्रमागाखालची जमीन, कोकणात पावसाळाभर खांद्यावर अडकवलेलं गवत कापायचं यंत्र, पॉवर टिलरची मूठ. मूठ धरणाऱ्या हातापर्यंत किती कंपन पोचतं हे मोजायची पद्धत आयएसओ ५३४९ मध्ये दिलेली आहे. युरोपीय संघाच्या २००२ च्या निर्देशात आठ तासांच्या हिशेबाने २.५ मीटर प्रति सेकंद वर्ग झालं की उपाय सुरू करा आणि ५ च्या वर कामगाराला ठेवूच नका, अशी हद्द आहे. इथे तर धरणं हाच संशोधनाचा विषय होतो, कारण मूठ घट्ट धरली की हाताचं आणि यंत्राचं दोघांचंही वागणं बदलतं. कारखान्यात गेलात तर आधी फिटरला भेटा. ‘हे मशीन कधी जास्त हलतं?’ एवढंच विचारा आणि ऐका. तो पायाच्या एका बोल्टाकडे बोट दाखवेल. तो बोल्ट सैल-घट्ट करून आकडा किती बदलतो ते पाहिलंत की निम्मा प्रयोग झाला.

वाचनाबद्दल थोडक्यात. डेन हार्टोग यांचं १९३४ सालचं ‘मेकॅनिकल व्हायब्रेशन्स’ अजून ताजं वाटतं, समीकरणाआधी यंत्र दिसतं. प्रयोगासाठी युइन्स यांचं मोडल टेस्टिंगवरचं पुस्तक हाताशी ठेवा. आणि प्रस्तावनेत टॅकोमाचा पूल घालायचाच असेल तर नीट घाला. ७ नोव्हेंबर १९४० ला तो पूल वाऱ्याच्या ठोक्यांशी सूर जुळल्यामुळे पडला, असं दर दुसऱ्या प्रबंधात असतं. बिल्ला आणि स्कॅनलन यांनी १९९१ मध्येच लिहून ठेवलंय की तो साधा रेझोनन्स नव्हता. पुलाच्या स्वतःच्या पिळवटण्यामुळे वाऱ्याचा जोर वाढत गेला आणि ते पिळवटणं आणखी वाढलं. परीक्षकाने हे वाचलेलं असतं.

शेवटची गोष्ट वहीची. पानं शिवलेली वही घ्या, सुटे कागद नकोत. तारीख, वेळ, तापमान, बोल्ट किती न्यूटन-मीटरला आवळले, सेन्सरचा क्रमांक, कोणतं टोक, केबल कुठून गेली, सोबत मोबाइलवर काढलेला फोटो. मूळ नोंद आहे तशी दोन ठिकाणी साठवा, फिल्टर लावलेली वेगळी. कंटाळवाणं काम आहे.

आमच्याकडे एका विद्यार्थिनीचं काम भेग पडलेल्या पट्ट्यांवर होतं. काही दिवशी आलेखात एक जादा शिखर यायचं आणि काही दिवशी नाही. तिला वाटलं, भेग वाढते आहे. मी म्हणालो, विजेचा गुणगुणाट असेल, अर्थिंग बघ. पण वीज ५० हर्ट्झची, आणि तिने नोंद दहा सेकंदांची घेतली होती, त्यामुळे शिखर ४८.२ वर आहे हे स्पष्ट दिसत होतं. अर्ध्या सेकंदाची नोंद असती तर माझंच खरं ठरलं असतं. तिने वही काढली. शिखर आलेल्या सगळ्या नोंदी साडेदहा ते सव्वाअकराच्या मधल्या. आम्ही दोघं त्या वेळांकडे बघत बसलो असताना प्रयोगशाळेचे मामा दारातून डोकावले, “सर, टाकी भरली, मोटर बंद करून येतो,” म्हणाले आणि गेले. भिंतीपलीकडच्या पाण्याच्या पंपाची मोटर मिनिटाला २८९० फेरे घेत होती.

दुसऱ्या दिवशी तिच्या वहीत एक नवा रकाना आला: पंप चालू की बंद.